सायलेन्सर सगळ्यांत शेवटी

वीस वर्षांची, पण अजून पळायची धमक असलेली एखादी गाडी तुम्ही राखून आहात आणि तिच्यावर चार पैसे घालायचं तुमच्या मनात आहे, एवढं कळायचा अवकाश. सातारा असो की सांगली, दोन सल्ले घरपोच येतात. पहिला वडीलधाऱ्यांचा: "कशाला हात लावतोस? कंपनीच्या इंजिनिअरला काय अक्कल नव्हती? आहे तशी चालव, नाहीतर विकून मोकळा हो." दुसरा मित्रमंडळींचा: "आधी सायलेन्सर टाक भावा. मग कॉइल कापून गाडी खाली बसवू. ब्रेक? लागतायत ना? मग झालं तर."

हे दोन सल्ले एकमेकांचे वैरी वाटतात. पण दोन्ही एकाच समजुतीवर उभे आहेत: जुन्या गाडीवर केलेलं काम म्हणजे नखरा. एकाला तो नको आहे, दुसऱ्याला हवा आहे, एवढाच फरक. माझं म्हणणं दोघांच्याही विरोधात आहे. जुन्या वेगवान गाडीचे ब्रेक आणि सस्पेन्शन सुधारून घेणं ही चैन नव्हे. ती गाडी रस्त्यावर आणण्याची पहिली अट आहे. आणि सायलेन्सर हे या यादीतलं सगळ्यांत शेवटचं, बहुतेक वेळा न केलेलंच बरं असं काम आहे.

कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय तेही सांगतो. छत उघडणारी, दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार आपल्याकडच्या मध्यमवर्गाने सिनेमातच पाहिली. आपल्या वाट्याला आलेल्या स्पोर्ट्‌स कारमध्ये मागच्या सीटवर आई-वडील बसायचे. २००१ साली आलेली फियाट पॅलिओ, त्यातही १.६ लिटरची, १०० अश्वशक्तीची. मुंबईत कुर्ल्याला बनलेली. त्याच सुमाराची होंडा सिटी व्हीटेक आणि फोर्ड आयकॉन १.६. २००४ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती, तेव्हाच्या औरंगाबादेत जुळवलेली. साताऱ्याच्या एमएच-११, सांगलीच्या एमएच-१० आणि कराडच्या एमएच-५० पाटीच्या अशा गाड्या अजून फिरताना दिसतात. आज यांतली एखादी बऱ्यापैकी मोटारसायकलच्या किमतीत मिळते. म्हणूनच ती बावीस वर्षांच्या पोराच्या हातात येते, आणि म्हणूनच हा विषय गमतीवारी नेण्यासारखा नाही.

वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यापासून सुरुवात करू, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. कंपनीचा इंजिनिअर आपल्यापेक्षा हुशार होता, मान्य. पण त्याने ती गाडी ठरावीक किमतीत बसवली, त्या वेळच्या रस्त्यांसाठी बसवली आणि नव्याकोऱ्या रबरावर बसवली. या तिन्ही गोष्टी आज जागेवर नाहीत. पुणे-कोल्हापूर महामार्ग या शतकाच्या सुरुवातीला सुवर्ण चतुष्कोन योजनेत चौपदरी झाला; पुढे पुणे-साताऱ्याचं सहापदरीकरण निघालं. जो वेग तेव्हा कधीमधी गाठला जायचा तो आता तासभर सलग चालतो. शिवाय पुढची गाडी बदलली. एप्रिल २०१९पासून प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे कराडजवळ पुढच्या एसयूव्हीने करकचून ब्रेक मारला तर ती चाकं न घसरता, सरळ रेषेत थांबते. मागून येणाऱ्या तुमच्या जुन्या गाडीने मात्र चाकं जाम करून तिची डिकी गाठलेली असते. तुमची गाडी वीस वर्षांत बदलली नाही, हे कौतुक नाही. तिच्या आजूबाजूचं सगळं बदललं.

आणि खरं सांगायचं तर ती बदलली नाही हेही खोटं आहे. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका गॅरेजात लिफ्टवर चढवलेली अशीच एक गाडी खालून पाहत होतो. मेस्त्रींनी लोअर आर्मच्या बुशापाशी टॉमी (लोखंडी पहार) घालून जरा दाब दिला. बुशातलं रबर आतल्या लोखंडी नळीपासून कधीच सुटलं होतं. आर्म बोटभर पुढंमागं होत होता. मग शॉकअप काढून माझ्या हातात दिला. दांडा दाबला तर काहीही विरोध न करता आत गेला, ओढला तर तसाच बाहेर आला. आतलं तेल केव्हाच गळून बाहेरच्या नळकांड्यावर मातीसकट वाळलं होतं. ब्लीडरचा स्क्रू सैल करून ब्रेक ऑइल बाटलीत घेतलं. पिवळसर, पारदर्शक असायला हवं ते काळपट आणि गढूळ निघालं. गाडीमालक बाजूलाच उभा होता. अभिमानाने म्हणाला, "एकदम ओरिजिनल आहे. आजवर काही केलेलं नाही."

काही केलेलं नाही, हाच तर रोग होता.

रबर कडक होतं, भेगाळतं. शॉकअपमधलं तेल पातळ होऊन गळतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. गाडी शेडमध्ये कव्हर घालून ठेवली तरी हे थांबत नाही. त्यात सांगलीची गाडी असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरांपैकी एखाद्या पुरात ती उभी होती का? पुराचं पाणी सीट धुऊन जातं, पण ब्रेकच्या लोखंडी नळ्यांना गंज आणि ड्रममध्ये गाळ ठेवून जातं. अशी गाडी 'आहे तशी' ठेवणं म्हणजे कंपनीच्या इंजिनिअरचा मान राखणं नव्हे. त्याने दिलेली गाडी परत मिळवायची असेल तरी हात लावावाच लागतो.

मग वडीलधारी मंडळी एवढी बिचकतात का? कारण हात लावलेल्या म्हणून ज्या गाड्या त्यांनी पाहिल्या, त्या दुसऱ्या सल्ल्याच्या होत्या. 'सुधारणा' हा शब्द सायलेन्सरवाल्यांनीच बदनाम केला, आणि हात लावू नका म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत दिलं. म्हणून आता त्यांच्याकडे वळतो.

सायलेन्सरवाल्यांचं पहिलं म्हणणं असं: जाड पाइप, मोकळा धूर, म्हणजे जास्त ताकद. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनाबाबत यातलं बहुतेक पोकळ आहे. धूर मॅनिफोल्ड, कन्व्हर्टर, मधला रेझोनेटर आणि मागचा मफलर अशा वाटेने बाहेर पडतो. पॅलिओसारख्या गाडीचा नुसता मागचा डबा बदलून मिळणारी वाढ इतकी क्षुल्लक असते की मागच्या सीटवरचा एक माणूस उतरवला तर त्याहून जास्त फरक पडेल. पाइप गरजेपेक्षा जाड झाला की उलटंच होतं. धुराचा वेग मंदावतो, तो सिलिंडर नीट रिकामा करत नाही, आणि कमी फेऱ्यांवरचा जोर घटतो. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, नेमका हाच जोर लागतो. गाडी ओरडते जास्त, चढते कमी. कान फसतात, पाय आणखी अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, मग 'पिकअप वाढला' अशी ग्वाही मित्रांना दिली जाते.

न्यायाने एक मान्य करायला हवं. टर्बो गाडीचं गणित वेगळं आहे. ऑक्टाव्हिया आरएसमध्ये टर्बोच्या पुढची वाट मोकळी केली आणि संगणकाची आज्ञावली त्याला जुळवून घेतली, तर ताकद खरोखर वाढते. पण मग प्रश्न लगेच पुढे सरकतो: वाढलेली ताकद थांबवणार कोण? ती पेलायला ब्रेक आणि बुश तयार आहेत का? टर्बोवाल्यालाही सायलेन्सर शेवटीच घ्यावा लागतो, फक्त त्याच्याकडे घेण्याचं काही कारण तरी असतं.

याच प्रकारातली सगळ्यांत निंद्य गोष्ट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून तिथे सरळ पाइप जोडणं. 'त्याने गाडी गुदमरते' असं सांगून तो कापला जातो. कापलेला कन्व्हर्टर पुढे कुठे जातो, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. म्हणजे गाडीतला एक मोलाचा तुकडा तुम्ही फुकट देता, वर मजुरी मोजता आणि विषारी वायू मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर सोडता. जोडकाम कच्चं असेल आणि पाइप मधेच फुटला, तर गाडीखाली साचणारा कार्बन मोनॉक्साइड झिजलेल्या रबरी सीलमधून आतही येतो. त्याला ना वास ना रंग.

आवाजाबद्दल फार बोलायची गरज नाही, ते काम रोडरोलरने केलं आहे. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवल्याची दृश्यं महाराष्ट्रात आता नवी नाहीत. नव्या मोटारींसाठी धावत्या गाडीच्या आवाजाची मर्यादा २००५मध्ये ७४ डेसिबल ठरली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)नुसार आवाज आणि धुराचे निकष मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. साताऱ्यात राजवाड्यावर चौपाटीच्या वेळी एक चक्कर मारण्यासाठी ही किंमत ज्याला परवडते त्याने खुशाल मोजावी. फक्त त्याला गाडीची आवड म्हणू नये.

दुसरं म्हणणं: गाडी खाली बसवली की रस्ता धरते. रेसच्या गाड्या जमिनीला चिकटून असतात, हे पाहून काढलेला हा निष्कर्ष. रेसची गाडी खाली असते कारण तिची अख्खी भूमिती त्या उंचीसाठी आखलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. स्प्रिंग कापून अशी गाडी दोन इंच खाली आणली की तिचा गुरुत्वमध्य दोन इंच उतरतो हे खरं. पण लोअर आर्म तिरके होतात आणि ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो बिंदू त्याहून अधिक खाली जातो. दोहोंतलं अंतर वाढतं, म्हणून गाडीला कलवणारा जोर वाढतो. म्हणजे कलणं कमी करायला केलेला उपाय कलणं वाढवणाराच निघतो, आणि मग ते लपवायला स्प्रिंग दगडासारखी कडक करावी लागते. स्टीअरिंगच्या टाय रॉडचाही कोन बिघडतो. खड्ड्यात चाक वर गेलं की ते आपणहून थोडं वळतं. हातात स्टीअरिंग सरळ, गाडी मात्र शेजारच्या लेनकडे निघालेली.

आणि हे सगळं कुठल्या रस्त्यावर? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. तासगाव, विटा, पलूसकडच्या कुठल्याही गावात शिरा आणि असा एक गतिरोधक शोधून दाखवा. रात्रीत उगवलेल्या डांबराच्या त्या आडव्या भिंतीवर खाली बसवलेल्या गाडीचा शॉकअप तळाला आपटतो. तो धक्का सरळ बॉडीत आणि स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगमध्ये जातो. कापलेल्या स्प्रिंगचा दुसरा धोका त्याहून वाईट. गाडी उसळून चाक पूर्ण खाली लोंबलं की तोकडी स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. घाटातल्या वळणावर हे झालं तर पुढचं सांगायची गरज नाही.

मग सस्पेन्शन सुधारायचं म्हणजे काय? उंची कंपनीचीच ठेवा. आधी सगळे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि वरची माउंटिंग बदला. मग चारही शॉकअप एकाच वेळी, जोडीने. यानंतरही गाडी जास्त कलते असं वाटलं तरच थोडी कडक स्प्रिंग, तीही शॉकअपशी जुळणारी. पॉलियुरेथेनचे बुश घालायचे असतील तर अँटिरोल बारपुरते घाला. सगळीकडे घातले तर गाडी अचूक होईल, पण प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचेल. आणि एक बारकी गोष्ट, जिच्यावरून चांगला मेस्त्री ओळखता येतो: रबरी बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन बुशावर आल्यावर. चाकं हवेत लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग दोष पार्टला दिला जातो. शेवटी व्हील अलाइनमेंट. ते न करता सस्पेन्शनचं बिल देऊ नका.

आता ब्रेक. "लागतायत ना?" या एका प्रश्नावर आपल्याकडे ब्रेकचा विषय मिटतो. कोरेगावच्या सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगात सगळ्यांचेच ब्रेक लागतात. ब्रेकचं काम चाक धरण्याचं दिसतं. खरं काम वेगाची उष्णता करून ती हवेत सोडण्याचं आहे. वेग ८०वरून १०० झाला तर तो पाव पटीने वाढतो, पण जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. घाटाचा हिशेब आणखी डोळे उघडणारा आहे. वाईहून पाचगणी साडेपाचशे मीटरहून अधिक उंच आहे. माणसांसकट बाराशे किलोची गाडी पसरणीचा घाट उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा सुटते, ती ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबण्याच्या चौदा वेळच्या ऊर्जेइतकी भरते. सगळी ब्रेकवर येत नाही. हवा, टायर आणि इंजिन आपापला वाटा उचलतात. पण ज्याने गाडी टॉप गिअरमध्ये किंवा न्यूट्रलला सोडली, त्याने इंजिनाचा वाटाही ब्रेकच्या खात्यावर टाकला.

इथे बाटलीतलं ते काळपट ऑइल पुन्हा विषयात येतं. डॉट-३ ऑइल ताजं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पुरेशी ओल शोषली की १४० अंशांवरच उकळू शकतं. डॉट-४चे हेच आकडे २३० आणि १५५. कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल सरळ खाली जातं आणि चाकाला काही कळतही नाही. 'अचानक ब्रेक फेल झाले' असं अपघातानंतर सांगितलं जातं. त्यातल्या कित्येक अचानकची तयारी ऑइल न बदलता काढलेल्या वर्षांत झालेली असते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, एवढंच काम. खर्च काही शे रुपये.

सांगलीकर म्हणतील, आमच्याकडे घाट कुठे? घाट नाही, पण गाळप हंगाम आहे. रात्री आष्ट्याच्या किंवा इस्लामपूरच्या रस्त्यावर, मागे ना दिवा ना परावर्तक अशी उसाची दोन ट्रॉल्यांची ट्रॅक्टरगाडी अंधारातून एकदम पुढ्यात उभी राहते. तिथे ब्रेकला एकच संधी मिळते. मागच्या ड्रमचा अ‍ॅडजस्टर जाम झालेला असेल, तर त्या एका संधीत सगळा भार पुढच्या दोन चाकांवर पडतो. हँडब्रेक फार वर ओढावा लागतो का, हे घरच्या घरी पाहता येतं. ही त्याची पहिली खूण.

ब्रेकच्या बाबतीतही शौकीन मंडळींना आवरावं लागतं. मोठ्या डिस्कचा आणि लाल कॅलिपरचा संच लावला की गाडी कमी अंतरात थांबते, हा गोड गैरसमज आहे. तुमचे आत्ताचे ब्रेक चाक जाम करू शकत असतील, तर थांबण्याचं अंतर ठरवतो टायर. मोठी डिस्क जास्त उष्णता सोसते, म्हणून घाटात तिसऱ्या-चौथ्या दाबालाही तशीच वागते. तिचा खरा उपयोग तो. पण मास्टर सिलिंडर जुनाच ठेवून मोठ्या पिस्टनचा कॅलिपर लावला तर पॅडल लांब जातं आणि पुढचा-मागचा तोल बिघडतो. रेसचे पॅड तर थंड असताना धड धरतच नाहीत. सकाळी बाजारात निघालेल्या गाडीला ते घालणं हा मूर्खपणा आहे. म्हणून क्रम असा: आधी टायर, त्यांवरच्या चार आकडी शिक्क्यातला आठवडा आणि वर्ष वाचून; मग ताजं डॉट-४ ऑइल, नवे रबरी किंवा जाळीदार स्टीलचे होज, चांगल्या दर्जाचे पॅड, सपाट डिस्क, साफ केलेले ड्रम. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून हलके दाब देऊन, पूर्ण न थांबता, ते डिस्कशी जुळवून घ्या. एवढं केलं की नव्वद टक्के लोकांना मोठ्या संचाची गरजच उरत नाही.

वडीलधाऱ्यांचा शेवटचा आणि सगळ्यांत भक्कम बाण कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ स्पष्ट केला: निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ(४) आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे खरं आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण हा कायदा झिजलेला बुश बदलायला, ऑइल ओतायला, त्याच मापाचे चांगले पॅड आणि शॉकअप बसवायला अडवत नाही. मी सांगितलेल्या कामांतली जवळजवळ सगळी दुरुस्तीतच मोडतात. कायद्याच्या कचाट्यात सापडतात त्या कापलेल्या स्प्रिंग, काढलेले कन्व्हर्टर आणि ओरडणारे सायलेन्सर. म्हणजे कायद्याचा क्रम आणि माझा क्रम एकच आहे.

कायद्याचं एक उणं मात्र सांगितलंच पाहिजे. तो चांगला बदल आणि वाईट बदल यांत फरक करायची सोय ठेवत नाही. जर्मनीत मालक वेगळं सस्पेन्शन बसवून, त्याची कागदपत्रं घेऊन तपासणीला जातो. तज्ज्ञ गाडी पाहतो आणि योग्य वाटलं तर तो बदल नोंदणीच्या कागदांत अधिकृतपणे चढतो. आपल्याकडे ब्रेक-सस्पेन्शनसाठी अशी वाट नाही, म्हणून चांगले ब्रेक बसवणाराही पोराटोरांच्या सायलेन्सरसारखाच चोरून वागतो. पुण्यात १९६६पासून एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे, गाड्यांचे ब्रेक तपासण्याची तिची यंत्रणा जगमान्य आहे. तिने जुन्या लोकप्रिय मॉडेलांसाठी ब्रेक आणि सस्पेन्शनच्या सुट्या भागांची मान्य यादी काढावी आणि आरटीओने पंधरा वर्षांच्या फेरनोंदणीच्या वेळी ते भाग पाहून आरसीवर नोंद करावी, ही मागणी अवास्तव नाही. १ एप्रिल २०२२ला मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. एवढे पैसे घेता, तर गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा तरी.

आणि हे काम करायला हात नाहीत असं कुणी म्हणू नये. १९१०मध्ये ज्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली, ज्या साताऱ्यात कूपरचे नांगर आणि इंजिनं बनली, महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया बनली, तिथे लेथवरचा हात आणि कानाने बेअरिंग ओळखणारा मेस्त्री आजही मिळतो. फक्त त्याच्याकडून आपण काय मागतो हा प्रश्न आहे. पाइप वाकवून आवाज काढायला तो लागत नाही. कुणीही वेल्डर ते करतो. ड्रम खरडून गोल करायला, बुश प्रेसवर सरळ बसवायला, गंजलेली ब्रेकची नळी ओळखायला तो लागतो. त्या कामाचे पैसे देताना मात्र आपली घासाघीस सुरू होते.

पैशाचाच मुद्दा काढाल तर तोही सोपा आहे. चांगल्या फ्री-फ्लो सायलेन्सरला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात पॅड, ऑइल, होज, पुढचे बुश आणि अलाइनमेंट बहुधा बसून जातं. उरलेल्यात शॉकअपची सुरुवात होते. ही यादी संपल्यावर हातात पैसे शिल्लक असतील, गाडी टर्बो असेल, आणि आवाज व धूर नियमात राहणार असेल, तरच सायलेन्सरच्या दुकानाची पायरी चढा.

तोवर एवढंच करा. पावसाळ्याआधी गाडी लिफ्टवर घ्या, मेस्त्रींना बुशाला टॉमी लावायला सांगा आणि ब्रेक ऑइल स्वतःसमोर बदलून घ्या. तुमची गाडी किती जोरात पळते हे सगळ्यांना ऐकू येतं. ती थांबते की नाही, हे फक्त तुम्हाला माहीत असायला हवं, आणि ते वेळेआधी माहीत असायला हवं.